काटा कुदला होता

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी आमच्या घरातला पोट्टा होतो. लग्न झालेलं, मुलगी सातवीत, रायपूरच्या गुढियारीत स्वतःचं दुकान, केस मागे हटत हटत टाळूपर्यंत पोचलेले, तरी पोट्टाच. आमच्या घरात मोठं होणं वयावर नव्हतं, बाबांच्या मर्जीवर होतं, आणि बाबांना ते काम उरकायची घाई नव्हती. रेल्वेत त्यांनी सगळी नोकरी इंजिनांवरचे मीटर दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर हाताशी मीटर उरले नाहीत, तेव्हा ते मला दुरुस्त करायला लागले. स्कूटरला किक कोणत्या पायाने मारावी, स्क्रू किती पिळावा, लाखोरीच्या डाळीत मीठ कधी टाकावं, हे ते मला रोज सांगत. मी दाढी करत असलो तर आरशात मागे त्यांचा चेहरा यायचा. "उलटा नोको फिरवू, कापशीन." माझी बायको कुसुम म्हणायची, "बाबा झोपेतही तुम्हाले सांगून राहतात. काल म्हणे, मुकुंदा, कुशी बदल."

आत्मकथन लिहायला बसलेला माणूस लहानपणापासून सुरुवात करतो. मीही केली, शाळा झाली, वर्ध्याकडचं आजोळ झालं, दोन वह्या भरल्या. पण मोठा झालो त्या दिवसाशी आलो की पेन ठेवून चहा मागायचो. आता कुसुम नाही, चहा स्वतःच करावा लागतो, म्हणून पळवाट बंद झाली. तेव्हा लिहून टाकतो.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या भाड्याच्या घरासमोर एक पेंटर राहायचा. त्याला महिनोन् महिने एकच काम होतं, पाट्यांवरचं आणि गाड्यांवरचं 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहायचं. सकाळी देवळातली घंटा, मग त्याच्या डब्यातली काडी ढवळल्याचा आवाज, मग लाल दिव्याच्या गाड्यांचे भोंगे. आमच्या गल्लीत लाल दिव्याची गाडी शिरूच शकत नव्हती, तरी ती शिरायची आणि मग मागे मागे जात बाहेर निघायची, त्या वेळी सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, ओट्यावर येऊन ड्रायव्हरला दिशा दाखवायचा. घरात कुसुम सांबारवडी तळत असायची, आणि बाबांचा कढईवरही पहारा. "तेल धुपलं. तेल चढलं का नाही ते डोळ्यानं पाय, नाकानं पायशीन तर उशीर होते." माझी मुलगी हे सगळं मराठीत ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. "दादाजी, आप ही तल लो ना." बाबा हसायचे. नातीला सगळं माफ होतं.

दुकानात माझं काम ट्रकांचं. डायनामो, सेल्फ, हॉर्न, आणि मीटर. मालधक्क्यावर येणारा प्रत्येक ड्रायव्हर म्हणायचा, "भैया, काँटा झूठ बोलता है." इंजिनात सेन्सर असतो, त्यातून एक तार मीटरला जाते, आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीची बॉडी. लोखंडच लोखंड, कुठेही स्क्रू मारा, अर्थिंग मिळाली. काटा चुकला तर सेन्सरची तार काढून बघायची, काटा थंडीकडे पडला पाहिजे. तीच तार इंजिनाला टेकवायची, काटा गरमीकडे धावला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि तार चांगली, दोष सेन्सरचा. एवढ्या तीन वाक्यांवर मी घर चालवलं. बाबांचं चौथं वाक्य होतं, ते त्यांनी मला मी हाफ पँटीत असताना शिकवलं होतं. "ताप चढते, तार कुदते. काटा हळूहळू वर गेला तर इंजिन गरम हाय. काटा एकदम कुदला तर इंजिनाले हात नोको लावू, तार पाय."

तर राजधानीला नाव हवी होती. कोणाच्या डोक्यात आलं माहीत नाही. समुद्र इथून दोन्हीकडे दूर, पण शहरात तलाव भरपूर, त्यातल्या एकात मोठे पाहुणे फिरतील, फोटो निघतील, असा बेत होता. पांढरी शुभ्र फायबरची मोटरबोट समुद्राकाठच्या कुठल्या तरी गावातून ट्रकवर निजून आली. तिला बघायला इतकी गर्दी झाली की लोकांनी तिच्यावर फुलं टाकली आणि एका म्हातारीने नमस्कार करून नवस बोलून घेतला. बोटीच्या तोंडाशी पाच मीटर होते, डिझेलचा, ऑइलचा, बॅटरीचा, फेऱ्यांचा आणि पाण्याच्या तापाचा. पाचही खोटं बोलत होते. भोंगा वाजवला की डिझेल वाढायचं. दिवे लावले की इंजिन तापायचं. खात्याचे साहेब, नाव लिहीत नाही, गोरे, सुवासिक आणि सदैव घाईत, त्यांनी शंकर नगरच्या ऑफिसात मला बोलावलं आणि म्हणाले, "मीटरवाले तुम ही हो ना? आठ दिन में बड़े मेहमान बैठेंगे. ये ठीक हो गया तो विभाग की सारी नई गाड़ियाँ तुम्हारे पास." मी पोट्टा, छाती फुगवून बाहेर आलो.

बोट चालवायला बिसाहू नावाचा केवट ठेवला होता, रोजंदारीवर, पण काम चांगलं झालं तर पक्का करू असं साहेबांनी कबूल केलेलं. जन्म डोंग्यात गेलेला माणूस, चाळिशीचा, काळा, काटक, पाण्यात काठी टाकून खोली सांगणारा. त्याची बायको फुलबाई घाटावर उकडलेले शिंगाडे विकायची. बिसाहू आधी मोहाची प्यायचा, सगळा घाट जाणून होता. हे काम मिळालं त्या दिवशी फुलबाईने त्याचा हात धाकट्या मुलाच्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली होती, आणि ती शपथ तो स्वतःच ज्याला त्याला सांगत सुटायचा. "भइया, मोर बाई ह नौकरी ले जादा ओ किरिया ल मानथे." नोकरीपेक्षा शपथ मोठी. "एक बूँद पियेंव त वो मोला घर म नइ घुसरन दय." थेंबभर प्यालो तरी ती घरात घेणार नाही. सांगताना असा हसायचा की जणू ती शपथ म्हणजे त्याला मिळालेलं पदकच.

पहिले तीन दिवस मी बोटीत पालथा पडून काढले. प्रत्येक सेन्सर तपासला, प्रत्येक तार ओढली, प्रत्येक मीटर चांगला निघाला, आणि पाचही मिळून खोटं बोलतच राहिले. बिसाहू वरून डोकावून विचारायचा, "का होगे भइया, मछरी फँसिस?" चौथ्या दिवशी बाबा हट्टाने आले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काहून येता, पाय घसरन." ते आले, बोटीत बसले, धोतराचा सोगा मांडीवर घेतला आणि पाच मिनिटं नुसते काट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक चुकला असता तर त्याचा दोष. पाचही संगच नाचून राहिले, म्हणजे ढोलक दुसऱ्याच्या हातात हाय. अर्थिंग कुठून घेतली?"

"बॉडीतून. त्या रेलिंगच्या बोल्टावर मारली हाय कोणीतरी."

"अन् रेलिंग कायवर बसली?"

"बॉडीवर."

बाबांनी बोटीच्या अंगावर टकटक केलं. प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज आला. "नावेले बॉडी कुठं हाय रे, ढ पोट्ट्या? हे तर टब हाय."

बिसाहू इतका हसला की बोट हलली. तिथे चूक होती खरी. बोट उतरवल्यावर आमच्याच शहरातल्या कोणी तरी ट्रकवाल्या मिस्त्रीने काहीतरी सुटलं म्हणून जोडलं होतं, आणि लोखंड दिसलं तिथे स्क्रू मारला होता. आम्ही सगळे सडकेची माणसं. आमच्या लेखी जगाला बॉडी असतेच. मी बॅटरीपासून मीटरच्या पाठीमागे स्वतंत्र जाड तार ओढली आणि पाचही काटे शाळेतल्या पोरांसारखे जागेवर बसले. साहेबांना मी सांगितलं की दोष मी शोधला. बाबा तिथेच उभे होते, ते फक्त घरी येईपर्यंत मला ब्रेक कसा दाबायचा ते सांगत राहिले.

पण साहेबांचं समाधान झालं नाही. चार काटे त्यांना पसंत पडले. तापाचा काटा पाव भागाच्या वर जाईना. "ये नीचे क्यों है? मेरी जीप का तो बीच में रहता है." मी म्हटलं, ठीक आहे, इंजिन थंडच चालतंय. "अरे, मेहमान देखेंगे तो कहेंगे मीटर ख़राब है. काँटा बीच में चाहिए." घरी जेवताना मी विषय काढला. त्या दिवशी मुनग्याच्या शेंगांची आमटी होती. बाबा शेंग चोखत म्हणाले, "तो काटा खरा हाय. ट्रक आपलंच पाणी फिरवून फिरवून पेते, ते तापन नाही तर काय होईन? ही बाई तळ्याचं थंडं पाणी इकडून ओढते अन् मागून थुंकून देते. ती पावावरच राहीन. साहेबाले समजावून सांग." मी "हो" म्हटलं. समजावणं मला कधी जमलं नाही. साहेबांसमोर उभं राहिलं की माझी जीभ इस्त्री केल्यासारखी सपाट होते. आणि विभागाच्या सगळ्या नव्या गाड्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या रेडिओतून तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर काढला आणि सेन्सरच्या तारेला जोडून दुसरं टोक इंजिनाला दिलं. म्हणजे करंटला एक चोरवाट मिळाली, आणि काटा उगीचच वर चढून बरोबर मध्यावर आला. चांगला मीटर मी हाताने बिघडवला. आयुष्यभर खोटे काटे खरे करणाऱ्या माणसाने खरा काटा खोटा केला, आणि तेही घाईत. जोड नुसता पिळला, त्यावर काळी टेप गुंडाळली. इंजिनाच्या नुसत्या उबेनेही त्या टेपचा डिंक सुटतो, हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आलो होतो. साहेब खूश झाले. बिसाहूला मी वर बोलावून ऐटीत धडा दिला, "देख, ये लाल निशान है. काँटा लाल में गया तो कुछ सोचना नहीं, इंजिन तुरंत बंद. नहीं तो इंजिन गया समझ." त्याने तो धडा दोनदा म्हणून दाखवला.

पाहुण्यांचा दिवस आला. घाट चुन्याने रंगवलेला, बँड, शाळेतल्या मुली, फुगे. मी आणि बाबा पायऱ्यांवर. बाबांनी ठेवणीतला कोट घातला होता. थोड्या अंतरावर फुलबाई शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती, आज मात्र विकत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. बिसाहूला पांढरा गणवेश दिला होता आणि तो त्यात दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा दिसत होता. बोट सुटली, गोल वळली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तलावाच्या बरोबर मधोमध इंजिन बंद पडलं. बँडवाल्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी जोर वाढवला. बोट हळूहळू आपल्या मर्जीने फिरली आणि जलपर्णीत जाऊन बसली. पाहुणे उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. शेवटी दोन ढीमर कोळी लाकडी डोंगा घेऊन गेले आणि राजधानीच्या बोटीला दोरी बांधून, म्हशीला ओढावं तसं, काठावर घेऊन आले. पाहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत हिरवा रंग चढला होता. मी हसलो. खोटं कशाला बोलू, सगळा घाट हसत होता आणि मीही हसलो.

मग साहेबांचा आवाज आला. "इंजन क्यों बंद किया?"

"साहेब, काँटा लाल म चल दिस."

साहेब वाकून मीटरकडे बघू लागले. "कहाँ लाल? बीच में तो है." इंजिनावर हात ठेवला. "ठंडा पड़ा है."

"नइ साहेब, ओ बेरा लाल म रिहिस. चढ़िस नइ, एकदम ले कूद दिस. मैं अपन आँखी ले देखेंव."

"कूद गया? काँटा कूदता है?" साहेबांनी पाहुण्यांकडे बघितलं, हसले, आणि मोठ्याने म्हणाले, "पी के आया है ये." पाहुणेही हसले, कारण त्यांना हसून तो प्रसंग संपवायचा होता. घाटावर हसू पसरत गेलं. मला फुलबाई दिसत होती. ती हसली नाही. तिने टोपली उचलली आणि चालायला लागली. बिसाहू तिच्यामागे ओरडला, "नइ पिये हंव ओ! काँटा कूदे हे!" आणि लोक आणखीच हसले.

मी हसायचा थांबलो तो 'कूद' या शब्दावर. शेजारी बाबाही थांबले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चौकशी ठेवली होती, वर्कशॉपचे इंजिनियर येणार होते. मी उजाडताच पोचलो. बिसाहू पायरीवर बसलेला, रात्रभर तिथेच होता, फुलबाईने घरात घेतलं नव्हतं. मला बघून उठला. "भइया, तैं देख दे. तोला त मालूम हे न, काँटा कूद सकथे?" मी म्हटलं, "देखता हूँ." झाकण उघडलं. डिंक सुटून टेप खाली घसरली होती, उघडा जोड इंजिनाच्या लोखंडाला टेकेल न टेकेल असा थरथरत होता. पाण्यावर बोट जरा हिसकली की तो टेकणार, काटा थेट लालमध्ये. सुटला की परत मध्यावर. बिसाहूने जे सांगितलं होतं, शब्दन् शब्द.

तेव्हा दोन कामं माझ्यासमोर होती. एक, तसंच ठेवायचं आणि दहा वाजता सगळ्यांना दाखवायचं. दुसरं मी केलं. रेझिस्टर काढून खिशात टाकला, तार साफ केली, नीट डाग दिला, वर नळी चढवली, बांधली. तपासलं. तार काढली, काटा थंडीला. टेकवली, काटा गरमीला. परत जोडली, इंजिन लावलं, काटा पावावर जाऊन झाडासारखा उभा राहिला. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. आजही कधी त्या जोडाची आठवण येते तेव्हा हात आधी अभिमानाने सरसावतात आणि मग मला ते मांडीखाली दाबून बसावंसं वाटतं.

चौकशीत इंजिनियरने तासभर बोट फिरवली. काटा हलला नाही. साहेबांच्या लक्षात आलं की काटा मध्यावरून पुन्हा खाली आला आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघेही तलावाकडे बघू लागलो. मग मला कागद दिला. मी हिंदीत लिहिलं, "मीटर एवं वायरिंग सही पाए गए." सही केली. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. बिसाहूला दुपारी काढलं.

मी त्या दिवशी जेवायला उशिरा गेलो. कुसुमने पाटवड्यांचा रस्सा केला होता, बाबा माझ्यासाठी थांबले होते. पहिला घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी गेलता?"

"हो."

"काय काढलं?"

मी खिशातून तो दाणा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. बाबांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे केला, त्यावरचे रंगीत पट्टे बघितले, परत ठेवला. मी वाट बघत होतो. आता म्हणतील, ऊठ, जा, साहेबाले सांग. आता म्हणतील, ढ पोट्ट्या. त्यांनी एकदा म्हटलं असतं तर मी गेलो असतो, हे मी शपथेवर सांगतो. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांच्या सांगण्यावरच उठत बसत होतो.

ते म्हणाले, "तू आता मोठा झाला. आता मी काय सांगू तुले?" आणि रस्सा वाढून घेतला.

त्यानंतर त्यांनी मला काही सांगितलं नाही. जगले ती सगळी वर्षं. मी मुद्दाम स्कूटरला चुकीच्या पायाने किक मारायचो, दाढी उलटी करायचो. ते आरशाच्या मागून निघून जायचे. कुसुमला वाटलं, म्हातारपणाने शांत झाले. विभागाच्या गाड्या माझ्या दुकानात आल्या, साहेबांनी शब्द पाळला, आम्ही घरावर एक खोली चढवली. त्या खोलीत मला कधी धड झोप लागली नाही, पण उकाडाही फार व्हायचा, तेव्हा सगळा दोष मनाला देत नाही.

बाबा गेल्यावरही मला आणखी काही वर्षं लागली. बिसाहूचा पत्ता काढला, रायपूरपासून दोन तासांवर एका गावात तो तलाव घेऊन शिंगाडे लावायचा, जाळं टाकायचा. मी बसने गेलो. म्हातारा झाला होता, ओळखलं लगेच. तलावाच्या पाळीवर बसवून मी सगळं सांगितलं, रेझिस्टर, टेप, सकाळ, कागद. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तो म्हणाला, "हव. मोला शक रिहिस. बिहनिया तैं खीसा म कुछु डारे रेहे." त्या सकाळी मी खिशात काहीतरी टाकलेलं त्याने बघितलं होतं. मग विचार करून म्हणाला, "नौकरी के बात छोड़. ए सब मोर बाई ल बता. मैं बतावत बतावत थक गेंव. जा, घर म हे. मैं मछरी धर के लानथंव, तोर रहे ले वो मोला गारी दिही." मी समोर असताना बायको आपल्यालाच शिव्या देईल, म्हणून तो मासे आणायला सटकला.

फुलबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी पुन्हा सगळं सांगितलं. ती न थांबता पाखडत राहिली. माझं संपल्यावर सूप खाली ठेवलं, पुढे झाली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. "तोला घलो पिया दिस का?" तुलाही पाजली का त्याने? मी म्हातारा माणूस, तिच्यासमोर तोंड उघडून बसलो होतो. हसू आलं मला. मग काडी घेऊन मातीत बॅटरी काढली, इंजिन काढलं, काटा काढला, तार काढली, तार कुठे टेकली ते दाखवलं. ट्रकवाल्यांना समजावतो तसं, तीन वाक्यांत. ती चित्राकडे बघत होती. मग तार टेकली तिथे बोट ठेवून म्हणाली, "त काँटा सिरतोन कूदे रिहिस?"

"हाँ. सच में."

"ए ह नइ पिये रिहिस."

"नहीं."

"लइका के मूड़ म हाथ रखे रिहिस." मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता, एवढंच ती म्हणाली, माझ्याशी नाही. तोपर्यंत मला वाटत होतं की मी माझं ओझं इथे उतरवून हलका होऊन परत जाईन. तिच्याकडे बघितलं आणि कळलं, ते उतरलं नाही, तिच्या डोक्यावर गेलं. इतकी वर्षं दोष माझा होता. आता नवऱ्याला खोटं ठरवल्याचा दोष तिचाही झाला, आणि तो तिच्याकडे मी बस पकडून पोचवला होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बिसाहू आला. हातात दोरीला लोंबणारे दोन मासे. दाराशी येऊन तो थांबला. आत आला नाही. मान थोडी पुढे केली, डोळे मिटले आणि सवयीने तोंड उघडून उभा राहिला. रोज संध्याकाळी असंच व्हायचं असणार, इतक्या वर्षांत त्याच्या अंगवळणी पडलेलं. फुलबाई उठली. दारापर्यंत गेली. त्याच्या तोंडाजवळ गेली नाही, चौकटीला पाठ लावून, अंग चोरून, त्याला वाट मोकळी करून दिली. "जा," ती म्हणाली. "भीतर जा."

बिसाहूने एक डोळा उघडला. मग दुसरा. तोंड मिटायचं त्याला सुचलं नाही. मासे हातात तसेच हलत होते, आणि आत कसं जायचं ते त्याला कळेना.